राहण्याचा परवाना

माझं अक्षर गिचमिड आहे आणि पहिली वेलांटी कुठे, दुसरी कुठे हे मला शाळेत असतानाही कळलं नव्हतं. ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच तर त्याने राग धरू नये, जमेल तसं वाचावं. मी मराठी चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकायला गावाबाहेर जावं लागलं असतं, आणि मुलीला तेव्हा कोणी पाठवत नव्हतं. मलाही जायचं नव्हतं. चार माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. नको त्या वेळी तो एकदा निघाला त्याबद्दलच लिहायचं आहे. भाऊ सोडला तर तोंडाने मी हे कोणालाही सगळं सांगितलेलं नाही.

आमचं गाव दांडी, तारापूरच्या किनाऱ्याला. वडिलांची एक होडी होती, तिला गावात दुसऱ्या-तिसऱ्या नंबराने इंजिन बसलं. बोंबलाचा हंगाम चांगला गेला तर आमच्या दारापुढच्या, बोंबील वाळवायच्या बांबूंच्या वलांडी अशा भरायच्या की पलीकडचं घर दिसायचं नाही. माझं लग्न सातपाटीला झालं होतं. दोन वर्षांत नवरा तापाने गेला आणि मी परत आले. घरात वडील, आई आणि मी. धाकटा भाऊ मुंबईला शिकत होता.

भाऊ हुशार होता. होडीचं इंजिन बिघडलं की वडील बोईसरहून मिस्त्री आणायचे, तेव्हा हा मिस्त्रीच्या खांद्यावरून वाकून बघायचा आणि पुढच्या वेळी स्वतःच उघडून बसायचा. मुंबईत त्याला कोणी सांगितलं की जर्मनीत इंजिनांचं शिक्षण मिळतं, फी जवळजवळ नाही, सुटीत कारखान्यात काम करून पोट भरता येतं. लागतं ते फक्त जायचं भाडं आणि पहिले काही महिने निभावायला थोडे पैसे. ते पैसे बोईसरच्या सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याने उचल म्हणून दिले. अट अशी की उचल फिटेपर्यंत आमचा सगळा सुका माल त्यालाच घालायचा, आणि भाव तो म्हणेल तो. वडिलांनी अट ऐकली आणि लगेच हो म्हटलं. आई घरी आल्यावर म्हणाली, "होडी त्याची झाली म्हना ना सरल." वडील म्हणाले, "पोरगा इंजनेर झाला का अशा चार होड्या घेल."

भाऊ गेला. दर पंधरा दिवसांनी त्याचं निळं हवाई पत्र यायचं आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. घरच्या माणसांसमोर मला वाचता येतं. जर्मनीत बर्फ पडतं, बटाटे फार खातात, तो राहतो त्या घरची म्हातारी त्याला जिन्यात बूट काढायला लावते, असं सगळं त्यात असे. पहिल्याच वर्षी त्याने परवान्याचं लिहिलं. त्या देशात परक्या माणसाला राहायला परवाना लागतो. तो पोलिसांच्या कचेरीत मिळतो आणि पासपोर्टात त्याचा शिक्का मारतात. शिक्का एका वर्षाचा. वर्ष संपायच्या आत परत जायचं, शाळेचा कागद दाखवायचा आणि घरून आलेला कागद दाखवायचा. घरचा कागद म्हणजे वडिलांची हमी, आणि त्यांचं उत्पन्न किती याचा सरकारी दाखला. उद्या हा मुलगा आजारी पडला, उपाशी पडला, तर त्याच्या मागे घर आहे अशी त्यांची खात्री व्हायला हवी.

वडिलांना हे पटेना. "खोलीचं भाडं देतो ना तो? मंग परवाना कसला?"

आई म्हणाली, "हितं विजेच्या कारखान्याला एवढी बाहेरची मानसं आली, कोन घाटावरचा, कोन मद्रासचा. आमी मागतो काय कोनाला परवाना? उलट मासली उधार देतो."

तिकडे आमच्यासारखं नसेल, असं म्हणून वडिलांनी विषय संपवला.

पहिली दोन वर्षं दाखला सहज मिळाला. तेव्हाचा तलाठी आमच्याच बाजूचा, माकुणसारचा होता. कोळ्याला उत्पन्न विचारायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तो वाळूत उभा राहायचा, होडी बघायचा, जाळी मोजायचा, वलांडीवर नजर टाकायचा आणि आपल्या मनानेच आकडा लिहायचा. वडील चहा पाजायचे. दोघं पावसापाण्याचं बोलायचे. आकड्याचं नावही निघायचं नाही.

हे का ते सांगायला हवं. आमच्यात होडी किनाऱ्याला लागली आणि कोणी विचारलं, काय मिलालं, तर एकच उत्तर असतं. काय नाय, खारं पानी. होडी भरून पापलेट आलेलं असलं तरी खारं पाणी. पोटापुरतं हाय असंसुद्धा कोणी म्हणत नाही. म्हटलं तर दृष्ट लागते, दर्या ऐकतो, पुढच्या वेळी खरोखर रिकामं पाठवतो. मी बोलायला शिकले तेव्हापासून हे शिकले. आईच्या तोंडून, आजीच्या तोंडून, बाजारात बसणाऱ्या सगळ्या बायांच्या तोंडून. ते खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. पायात काटा मोडला की आई गं निघतं, तसं ते निघतं. आणि सरकारी माणूस असला तर ते दुप्पट खरं.

तिसऱ्या वर्षी, पाकिस्तानशी पासष्टची मोठी लढाई झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, तलाठी बदलला. नवा देशावरचा होता. समुद्र त्याने नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला असेल. भावाच्या पत्रात त्याच महिन्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते मीच वाचून दाखवलं होतं: "या वर्षी कचेरीतले लोक जास्त कडक झाले आहेत. चौकशीला कोणी आलं तर सगळं खरं सांगा. काही लपवू नका." वडील म्हणाले, "लपवायला काय हाय आपल्याकडं?"

तलाठी आला तेव्हा वडील दर्यावर होते आणि आई पाटी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली होती. मी एकटी वलांडीशी होते, बोंबील उलटत होते. दुपारची वेळ, ऊन कडक. त्याची छत्री दिसली तशी मी पदर ओढला आणि पाठ केली.

"घरात कोण आहे का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"वडील?"

मी समुद्राकडे हात केला.

"मग तुम्हीच सांगा. मला आज दांडी उरकून पुढे जायचंय. वर्षाला किती मिळतं?"

तो छत्री मिटून वलांडीच्या सावलीत आला आणि म्हणाला, "बोला की. मी काय वाघ आहे का?"

तेव्हा मी बोलले. "काय नाय मिलत. खारं पानी."

"पोटाला तर पुरत असेल?"

"पोटाला पन पुरत नाय."

त्याने भरलेल्या वलांडीकडे बघितलं. हात लांब केला असता तर बोंबील त्याच्या हाताला लागले असते. "आणि हे?"

"लोकांचे हायत. मी रोजावर हाय."

हे शेवटचं मला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं. परका माणूस, सरकारी, इतक्या जवळ उभा, आणि मला फक्त तो लवकर जायला हवा होता. मनात पत्र नव्हतं, भाऊ नव्हता, जर्मनी नव्हती. तो कशासाठी आला आहे तेसुद्धा त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सारा, पट्टी, असं काहीतरी असेल असं वाटलं.

त्याने खाली बसून मांडीवर कागद धरून लिहिलं. मग शाईची पेटी काढली. मी म्हणाले, सही येते. तो खूश झाला. "अरे वा. मग अंगठा कशाला?" मी सही केली. गावात माझ्या वयाच्या बायांत सही करणारी मी एकटी, आणि खरं लिहायचं तर त्या क्षणी मला थोडा अभिमान वाटला. संध्याकाळी आईला सांगितलं, तलाठी येऊन गेला. तिने विचारलं, काय बोललीस? मी सांगितलं, काय बोलनार, खारं पानी. आई म्हणाली, "बरा केलास."

दाखला पालघरच्या मामलेदार कचेरीतून आला तो इंग्रजीत, परदेशी जायचा म्हणून. घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं. शाळेचे मास्तर सुटीत आपल्या गावी गेले होते. वडिलांनी शिक्का बघितला, शिक्का नीट उमटला होता. त्यांनी दाखला हमीच्या कागदाबरोबर पाकिटात घातला. जर्मनीचा पत्ता मी भावाच्या पत्रावरून एकेक अक्षर चित्रासारखं बघून काढला. पाकीट रजिस्टर केलं.

पावसाळ्यात उत्तर आलं. मी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला थांबले. वडील म्हणाले, "काय झालं? शब्द लागत नाय काय?"

मी वाचलं. परवान्याच्या कचेरीने दाखला बघून हमी नाकारली होती. दाखल्यात लिहिलं होतं की या कुटुंबाला नियमित उत्पन्न नाही, मालकीचा माल नाही, मुलगी दुसऱ्याकडे रोजाने काम करते. त्यात नुकतीच सरकारने रुपयाची किंमत उतरवली होती, म्हणून तलाठ्याने अंदाजाने घातलेला होता तो लहानसा आकडा त्यांच्या पैशात आणखी लहान झाला होता. टेबलामागच्या माणसाने त्याला विचारलं, तुझ्या बापाला स्वतःचं पोट भरत नाही, तर तुझं कोण भरणार? वर्षाऐवजी तीन महिन्यांचा शिक्का मारला होता. तीन महिन्यांत खरा दाखला आला नाही तर देश सोडायचा. शेवटची परीक्षा फेब्रुवारीत होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: "बाबा, हे कोणी लिहिलं? आपल्यावर कोणाचा डोळा आहे का?"

वडील उठले आणि ओटीवर येरझारा घालू लागले. त्यांनी नावं घेतली. या भावकीतल्याने केलं असेल, त्या शेजाऱ्याने केलं असेल. तलाठ्याला पैसे हवे असतील. मी बाजूला बसून ऐकत होते. त्या वेळी एक शब्द बोलले असते तर ते दुसऱ्या दिवशी पालघरला ओरडायला गेले नसते. मी बोलले नाही.

ते पालघरला गेले आणि कचेरीत भांडले. कारकुनाने शांतपणे फाईल काढली, जबाब काढला आणि खालची सही दाखवली. वडिलांना वाचता येत नाही. पण माझी सही त्यांनी भावाच्या पत्रांच्या उत्तरांखाली इतक्या वेळा बघितली होती की ती त्यांना झाडासारखी ओळखता येत होती.

घरी आले तेव्हा भिजलेले होते. डोकं पुसलं नाही. मला म्हणाले, "तू बोललीस?"

"व्हय, बा."

"रोजावर हाय बोललीस?"

"व्हय."

आई मधे आली. "मंग काय बोलेल पोर? तुमी काय बोलला असता? पन तुला सही कराला कोनी सांगितली? चार बुकं शिकलीस तर मिरवाची हौस!" आणि ती रडायला लागली.

वडील रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं होतं. म्हणाले, "कागद घे. लिव त्याला. लिव, तलाठी नवा हाय, त्यानं चुकीचं लिवलं. आमी दुरुस्त करतो. तू जीव लावून अभ्यास कर." मी तसंच लिहिलं. चूक तलाठ्याची, हे माझ्याच हाताने लिहिलं.

मग दुरुस्तीची धडपड सुरू झाली. कचेरीत सांगितलं, जबाब जिने दिला तिनेच बदलायला हवा. म्हणून मला पालघरला जावं लागलं. भर पावसात बोईसरपर्यंत मोटार, तिथून गाडी. कचेरीच्या ओसरीवर दिवसभर बसलो. सातपाटीची, माझ्या सासरच्या बाजूची माणसं काही कामाला आली होती, ती ओळखून हसली. आमचं नाव पुकारलं तेव्हा ती दाराशीच उभी होती, सगळं ऐकत.

मामलेदार साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं होतं की उत्पन्न नाही, माल लोकांचा. आता तुमचे वडील म्हणतात उत्पन्न आहे. तुम्ही तेव्हा खोटं बोललात का आता बोलणार आहात?"

उत्तर माझ्यापाशी होतं. आमच्यात असंच बोलतात, साहेब. एवढं एक वाक्य. येताना गाडीत मी ते मनात घोळवत आले होते. माझे ओठ हलले असतील, पण आवाज निघाला नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. मी जमिनीकडे बघत राहिले आणि माझ्या पायांखाली पाण्याचं डबकं साचत होतं, लुगड्याचं.

वडील म्हणाले, "साहेब, ती बिचकते. मी सांगतो."

"सांगा. वर्षाला किती?"

दाराशी सातपाटीचे लोक. वडिलांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. हंगाम उघडायच्या आधी, चार कोळ्यांच्या देखत, आपल्या तोंडाने आकडा सांगायचा. मग ते म्हणाले, "चाललंय साहेब. देवाच्या दयेनं चाललंय."

"मला देवाचा आकडा नको, तुमचा हवा."

शेवटी वडिलांनी सांगितला. खरा, पूर्ण. आवाज इतका खाली होता की साहेबांना पुढे वाकावं लागलं. दाराशी कोणीतरी हळूच म्हणालं, "बाबव, एवढा?" आणि वडिलांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, आता याला पुरावा आणा. माल कोणाला घालता, त्याचं पत्र आणा.

आम्ही तसेच बोईसरच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तो गादीवर बसून सुपारी कातरत होता. वडिलांचं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "अरे, मी लिहून दिलं का तुझा एवढा माल घेतला, तर उद्या सेल्सटॅक्सवाला माझ्या दारात उभा. तुझा पोरगा तिकडे राहावा म्हणून मी आत जाऊ? माझ्या वहीत तुझ्या नावावर उचल हाय, माल नाय. वही पायजे तर घेऊन जा साहेबाला दाखवायला." ती वही दाखवली असती तर आम्ही होतो त्याहून भिकारी ठरलो असतो.

मग साहेबांनी शेवटचा उपाय सांगितला. तलाठी पुन्हा जागेवर जाईल, डोळ्यांनी बघेल आणि लिहील. तलाठी आला. बिचारा स्वतःहून चार दिवसांत आला. पण तो श्रावण होता. होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारलेली, जाळी माळ्यावर, आणि वलांडीवर एक बोंबील नाही. नुसते ओले बांबू. तो छत्री धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी आता काय लिहू? मागे भरलेल्या होत्या तेव्हा तुम्ही म्हणालात लोकांचे. आता तुम्ही म्हणता आमचे, तर आहे कुठे?"

आई म्हणाली, "पौर्निमा होऊं द्या. होडी जाऊं द्या. मंग या, उभं राहाला जागा मिलनार नाय तुमाला."

आईने आपल्या तोंडाने असं म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हटल्यावर तिने पटकन स्वतःच्या तोंडावर हात मारला.

आम्ही थांबलो. दुसरं काही करता येत नव्हतं. मी रोज दिवस मोजत होते, शिक्क्याचे किती राहिले आणि पौर्णिमेला किती. पौर्णिमेनंतर वारा सुटला आणि होडी आणखी आठ दिवस गेली नाही. पहिला माल आला तोही थोडा. वलांडी भरायला भाद्रपद संपला. तलाठी आला, त्याने सगळं मोजलं, मला एक शब्द विचारला नाही. नवा दाखला झाला. या वेळी मास्तरांनी तो दोनदा वाचून मराठीत सांगितला. सगळं बरोबर होतं. आम्ही रजिस्टर केला. पोस्टात वडिलांनी पाकीट दोन्ही हातांनी दिलं, देवाला नारळ देतात तसं.

तो दाखला पोचला तेव्हा भाऊ तिथे नव्हता. जिन्यात बूट काढायला लावणाऱ्या म्हातारीने तो न उघडता परत पाठवला. त्याच्या आधी भावाचं पत्र आलं होतं: "परवाना वाढवला नाही. शाळेच्या मास्तरांनी दोनदा शब्द टाकला, पण कचेरीत म्हणाले, कागदाशिवाय आमचे हात बांधलेले. तिकिटापुरते पैसे माझ्याकडे आहेत, तुम्ही कोणाकडे मागू नका. परीक्षा राहिली." एवढंच. खाली नेहमीसारखं सर्वांना नमस्कार.

बोईसर स्टेशनात आम्ही तिघं उभे होतो. तो उतरला. बारीक झाला होता, अंगात जाड लोकरी कोट, आणि ऑक्टोबरचा उन्हाळा. कपाळावरून घाम वाहत होता. आई त्याच्या कोटाला हात लावून म्हणाली, "काड रे तो, शिजशील." तो हसला आणि त्याने कोट काढून माझ्या हातात दिला. तो फार जड होता. मी तो गावापर्यंत आणला.

त्याने कोणाला काही विचारलं नाही. गावातली माणसं यायची, विचारायची, काय रे, इंजनेर झालास? तो म्हणायचा, नाही, थोडं राहिलं. ती म्हणायची, मंग कवा जातोस परत? तो म्हणायचा, बघू. हळूहळू विचारणं बंद झालं.

पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मग एकदा तो वलांडीपाशी आला, मी बोंबील लावत होते, आणि तोही लावू लागला. मी त्याच्याकडे न बघता सगळं सांगितलं. तलाठी, सही, रोजावर हाय. आणि पत्रात मी खोटं लिहिलं तेही.

तो बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवत राहिला. मग म्हणाला, "बाय, पहिल्या वर्षी मला पन तिथं विचारलं होतं. बाप काय कमावतो? माझ्या तोंडातून काय निघालं असेल सांग."

मी पुढचा बोंबील उचलला.

"मी म्हणालो, काही नाही. जर्मनमधे. त्या माणसाच्या हातात जुन्या तलाठ्याचा दाखला होता, म्हणून तो हसला आणि शिक्का मारला. मला पत्र वाचतानाच कळलं होतं का हे घरातूनच गेलं असणार."

"मंग मला का नाय बोललास? शिवी तरी द्यायची."

"शिवी देऊन शिक्का मिलतो काय?"

तो परत गेला ओटीवर. मला वाटत होतं की सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो माझ्या हातचं जेवत होता, हे कळल्यावर मला त्याच्या ताटात वाढायचीसुद्धा लाज वाटू लागली.

परत जायचा विचार झाला. पण एकदा परवाना नाकारलेल्याला पुन्हा व्हिसा मिळणं अवघड, आणि पुन्हा भाडं कोण देणार? व्यापाऱ्याने उचल वाढवायला नाही म्हटलं. तिथली शाळा म्हणाली, एक वर्ष जागा ठेवू. ते वर्ष गेलं. ज्या दिवशी ते संपलं त्या दिवशी त्याने पुस्तकं बांधून माळ्यावर जाळ्यांशेजारी टाकली. आईने मिठाचा वास लागेल म्हणून खाली काढायला सांगितली, त्याने काढली नाहीत.

विजेच्या कारखान्याचं बांधकाम तेव्हा जोरात होतं. एका ठेकेदाराकडे त्याला फिटरचं काम मिळालं. त्याच्यापेक्षा लहान पोरं डिग्र्या घेऊन बाहेरून आलेली, ती त्याची साहेब. कामगारांनी त्याचं नाव जर्मन पाडलं. मी कधी डबा घेऊन फाटकाशी जायचे तेव्हा ऐकू यायचं, "ए जर्मन, पाना ला!" "अरे जर्मन साहब को बुलाओ, बोल्ट अटक गया!" बोल्ट तोच सोडवायचा. हसायचाही. पण घरी आला की त्याच्या तोंडावर काहीच नसायचं, दिवसच्या दिवस. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायचा, आधी उचल फिटू दे.

म्हणून उचल फेडायचं हे एकच काम आमच्या घराला उरलं. त्याचा पगार, वडिलांचा माल, आई आणि मी बाजारात बसून मिळवलेले चार पैसे. भाव व्यापाऱ्याचा, म्हणून मालाने ती हलायची नाही, पगारानेच थोडी खाली यायची. तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत घरात नवं लुगडं आलं नाही आणि कोणी मागितलंही नाही. मला आपलं वाटायचं की पैसे फिटले की काहीतरी सुटेल, भाऊ एखाद्या सकाळी पूर्वीसारखा इंजिन उघडून बसेल. होडीचं इंजिन बिघडायचं तेव्हा तो दुरुस्त करायचा. करून झालं की हात धुवायचा आणि उठायचा, बस.

शेवटचा हप्ता द्यायला भाऊ आणि मी गेलो. वडिलांना यायचं नव्हतं. व्यापाऱ्याने पैसे दोनदा मोजले, वहीचं पान उघडलं आणि आडवी रेघ मारली. म्हणाला, "इमानदार मानसं. आता पायजे तेवढी उचल घ्या." भाऊ म्हणाला, "नको. पावती द्या." व्यापाऱ्याने पावती लिहिली. भावाने ती माझ्याकडे दिली आणि म्हणाला, वाच. दुकानात गिऱ्हाइकं होती, हमाल होते. मी मोठ्याने वाचलं, की अमुक रक्कम पूर्ण मिळाली, येणं काही राहिलं नाही. भावाने पावतीची घडी करून खिशात घातली आणि आम्ही मोटारीच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.